झेंडूच्या वाटेनं येणारे पाहुणे

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी बाजारात एक चक्कर मारून पाहा. फुटपाथवर झेंडू, हातगाडीवर झेंडू, टेम्पोच्या हौद्यात झेंडू! दुसऱ्या दिवशी तोच झेंडू दारावर, सायकलवर, शिवणाच्या मशीनवर, दप्तरावर आणि एस.टी.च्या तोंडावरसुद्धा चढलेला असतो. इतकं आपलं वाटणारं हे फूल मूळचं आपलं नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे का? ज्ञानेश्वरांच्या काळात अख्ख्या महाराष्ट्रात झेंडूचं एक रोप नव्हतं. झेंडूचं माहेर आहे मेक्सिको. युरोपातल्या व्यापाऱ्यांच्या, बहुधा पोर्तुगीजांच्या, जहाजांतून तो आपल्याकडे आला आणि इथे असा रमला की माहेरचं नावसुद्धा विसरला.

ते माहेरचं नाव आहे 'सेंपासुचिल'. नाहुआत्ल ही तिथली जुनी भाषा. तिच्यात 'सेंपोआली' म्हणजे वीस आणि 'शोचित्ल' म्हणजे फूल. वीस फुलांचं फूल, म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचं फूल. ते लोक आपल्यासारखे दहादहाच्या नव्हे, विसाविसाच्या हिशेबानं मोजायचे. यात हसण्यासारखं काही नाही बरं का! आपल्याकडेही खेड्यातल्या आज्या 'दोन विसा', 'तीन विसा' असंच मोजायच्या.

तर या सेंपासुचिलचा मेक्सिकोत एक मोठा सण असतो. तारीख ठरलेली, १ आणि २ नोव्हेंबर. नाव 'दिआ दे मुएर्तोस'. म्हणजे मृतांचा दिवस.

झालं! नाव वाचून कुणीतरी पान उलटायच्या बेतात असेल, आणि कुणाची आई म्हणत असेल, "तिन्हीसांजेला हे काय वाचत बसलास?" पण जरा थांबा. ही भुताखेतांची गोष्ट नाही. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो, त्यात मुलं चेटकिणीचे मुखवटे लावून एकमेकांना घाबरवतात. मेक्सिकोतला हा सण त्याचा शेजारी आहे, पण भाऊ नव्हे. इथे कुणी कुणाला घाबरत नाही. घाबरायचं कशाला? घरी येणार असतात ते आपलेच आजोबा!

मेक्सिकोत अशी समजूत आहे की वर्षातून एकदा घरची गेलेली माणसं घरी येतात. एक रात्र, एक दिवस राहतात, जेवतात आणि परत जातात. आता पाहुणा येणार म्हटल्यावर घरात काय धांदल उडते ते तुम्हांला सांगायला नकोच.

समजा, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात उतरलात. पहिलं काय होईल, तर तुमचं नाक जागं होईल. बाजारात झेंडूच्या मोळ्या माणसाच्या उंचीइतक्या रचलेल्या. त्यांच्या शेजारी कोंबड्याच्या तुऱ्याची फुलं. होय, तीच आपल्या अंगणातली मखमली, गडद राणी रंगाची! पलीकडे कोपाल, म्हणजे झाडाचा डिंक, खड्यांच्या रूपात विकायला मांडलेला असतो. निखाऱ्यावर टाकला की आपल्या उदासारखा पांढरा, सुगंधी धूर निघतो. आणि पुढच्या गल्लीत तर कमालच असते. आपल्याकडे पिठाची गिरणी असते ना, तशी तिथे चॉकलेटची गिरणी! भाजलेल्या कोकोच्या बिया, साखर, बदाम, दालचिनी आपल्याला हवी तेवढी सांगायची आणि समोर दळून घ्यायची. गरम गरम काळा लगदा डब्यात पडतो. गिरणीच्या रांगेत उभं राहायला तिथे कुणी कुरकुरत असेल, असं वाटत नाही.

बाजारात पावांचे डोंगरही असतात. या सणाच्या खास पावाचं नाव 'पान दे मुएर्तो', मृतांचा पाव. या 'पान'चं आपल्याशी नातं आहे. पावाला स्पॅनिश भाषेत म्हणतात 'पान' आणि पोर्तुगीज भाषेत 'पांव'. दोन्ही एकाच आईची लेकरं. पोर्तुगीजांनी गोव्यात आणि वसईत भट्ट्या लावल्या आणि त्यांचा 'पांव' आपला पाव झाला. मेक्सिको शहराकडचा हा पाव गोल असतो, वर कणकेचीच दोन-चार हाडं आडवी लावलेली आणि वरून साखर भुरभुरलेली. ओआहाकात मात्र पावाच्या एका टोकाला एक छोटासा रंगीत चेहरा खोचलेला असतो. पाव तुमच्याकडे बघतो आणि तुम्ही पावाकडे!

आता बाजारातून घरी जाऊ. कारण हा सण खरा घरातला आहे.

घरातल्या एका भिंतीशी टेबल मांडतात. त्याच्यावर खोकी ठेवून पायऱ्या करतात. कुठे दोन, कुठे तीन, कुठे सातसुद्धा. त्यांवर स्वच्छ, भरतकामाचं कापड. दोन्ही बाजूंना उभे ऊस, वर वाकवून बांधलेले. त्यांची कमान झाली की तिच्यावर झेंडू. तुळशीच्या लग्नात आपण वृंदावनाला उसाचा मांडव घालतो तो आठवला ना? तिथे ही कमान म्हणजे दार. गेलेली माणसं त्यातून आत येतात. या सगळ्या मांडणीला म्हणतात 'ओफ्रेंदा'. शब्दशः अर्थ अर्पण, पण आपल्या भाषेत सांगायचं तर आरास.

आरशीसमोर उभं राहून नीट बघा. मधोमध फोटो. फोटोशेजारी पाण्याचा पेला, कारण लांबून येणाऱ्याला आधी पाणी द्यायचं. चिमूटभर मीठ. मेणबत्त्या, म्हणजे अंधारात वाट चुकायला नको. कोपालचा धूर, घर ओळखू यावं म्हणून. वरच्या बाजूला रंगीत पातळ कागदाच्या पताका, आणि त्यांत जाळी कापावी तशी चित्रं कापलेली. या पताकांसाठी पुएब्ला राज्यातलं वित्सकोलोत्ला हे गाव प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर कागदांची जाड चवड एकावर एक ठेवून छिन्नी आणि हातोडीनं एकदम कापतात. एवढी नाजूक जाळी आणि हत्यारं मात्र सुताराची!

आणि मग खायचे पदार्थ. 'तामालेस' म्हणजे मक्याचं भिजवलेलं पीठ, आत सारण, आणि ते मक्याच्या किंवा केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेलं. हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाल्ल्या असतील तर निम्मं तुम्हांला समजलंच. 'मोले' म्हणजे भाजलेल्या मिरच्या, तीळ, दाणे, मसाले यांचं वाटण करून केलेला दाट काळा रस्सा. त्यात चॉकलेटही घालतात. (चेहरे वाकडे करू नका. आधी खा, मग बोला.) शिवाय संत्री, शेंगा, अक्रोड आणि भोपळ्याच्या गोड फोडी.

इथपर्यंतची यादी सगळ्या घरांची सारखीच. पण आरशीची गंमत पुढे आहे. आजोबांना झोपण्याआधी एक सिगारेट लागायची, तर एक सिगारेट. काका बिअर प्यायचे, तर एक बाटली. आजीचा कानतुटका कप असेल तर तोच कप, नवा चालत नाही. कुणी शिंपी असेल तर त्याची कात्री, कुणी गिटार वाजवणारा असेल तर गिटार. जो माणूस येणार, त्याला जे आवडायचं तेच मांडायचं. म्हणून तर ओफ्रेंदा लावताना घरातल्या मोठ्या माणसांना लहानांच्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. "आजोबांना तिखट आवडायचं की गोड?" "हा फोटो कुठला?" "ते कुणाशी भांडले होते?" ज्या पणजोबांना आपण कधी पाहिलंच नाही, त्यांना शेंगदाण्यांची चिक्की आवडायची हे तिथल्या आठ वर्षांच्या मुलीला पाठ असतं. तुम्हांला तुमच्या पणजोबांबद्दल असं काय ठाऊक आहे? विचारून बघा घरी. आज रात्री जेवताना विचारा.

आता सगळ्यांत सुंदर गोष्ट. घराच्या उंबरठ्यापासून, कधी कधी तर रस्त्यापासून, आरशीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. मेक्सिकोतले लोक म्हणतात की झेंडूचा पिवळाधमक रंग आणि उग्र वास मृतांना ओळखता येतो. त्या वाटेवरून ते आत येतात.

हे वाचताना बहुतेकांना आपला पितृपक्ष आठवला असेल. बरोबरच आहे. आपणही सर्वपित्रीला गेलेल्यांच्या नावानं खीर-वडे करतो, पान वाढतो, कावळ्याची वाट बघतो. पण मला विचाराल तर हा सण पितृपक्षापेक्षा गौरींच्या जास्त जवळचा आहे. गौरी आणताना दारापासून पावलं काढतात की नाही? ती पावलं स्वयंपाकघरातून, कोठीतून फिरवत गौरीला आरशीपर्यंत आणायची. पहिल्या दिवशी ती येते, दुसऱ्या दिवशी गोडधोड जेवते, तिसऱ्या दिवशी निघते आणि घर सुनं सुनं होतं. मेक्सिकोतले पाहुणे तसेच माहेरवाशिणीसारखे येतात. पितृपक्षात आपण नवे कपडे घेत नाही, लग्नमुंज ठरवत नाही. मेक्सिकोत त्या दिवशी बँड वाजतो.

पहिले येतात ते लहानपणीच गेलेली मुलं. ३१ ऑक्टोबरच्या रात्रीपासून १ नोव्हेंबरपर्यंत त्यांचा मान. त्यांना 'आंहेलितोस' म्हणतात, छोटे देवदूत. त्यांच्यासाठी ओफ्रेंदावर खेळणी असतात, दूध असतं, तिखट नसलेलं जेवण असतं आणि सगळं जरा लहान लहान असतं. छोटी मेणबत्ती, छोटा पाव. मग मोठी माणसं येतात, त्यांचा दिवस २ नोव्हेंबर. गावोगावी वेळा थोड्या बदलतात. ज्या घरात त्या वर्षी कुणी गेलेलं असतं, तिथे बँड वाजला तरी रडणंही होतंच. सण आहे म्हणून दुःख कुणी कपाटात कोंडून ठेवत नाही.

रात्री दफनभूमीत जायचं. होय, रात्रीच! ओआहाकाजवळ शोशोकोत्लान नावाचं गाव आहे. ३१ ऑक्टोबरच्या रात्री तिथली दफनभूमी मेणबत्त्यांनी इतकी उजळते की टॉर्चची गरज पडत नाही. दिवसा घरच्या लोकांनी येऊन गवत उपटलेलं असतं, थडगं धुतलेलं असतं, त्याच्यावर झेंडूची रास घातलेली असते. मग घोंगड्या पांघरून सगळे थडग्याभोवती बसतात. आजी गप्प असते. मावश्या कुजबुजत असतात. एक पोरगं कंटाळून बहिणीच्या मांडीवर झोपलेलं असतं. तेवढ्यात दोन-तीन वादक येतात आणि "तुमच्या वडिलांना कुठलं गाणं आवडायचं?" असं विचारून पैसे घेऊन ते गाणं वाजवतात. थर्मासमधलं चॉकलेट कपात ओततात. पहाटेपर्यंत असंच.

शहरातल्या रस्त्यांवर तोवर वेगळाच धिंगाणा असतो. 'कोम्पार्सा' म्हणजे मुखवटे, सोंगं आणि पितळी वाद्यांचा बँड यांची मिरवणूक गल्लीबोळांतून नाचत जाते. चौकात रंगीत वाळूच्या भल्यामोठ्या रांगोळ्या असतात. वाळूनं काढलेली कवटी, वाळूनं काढलेला झेंडू. रांगोळी आपलीच असं समजणाऱ्यांनी एकदा त्या बघायला हव्यात.

मेक्सिको देश केवढा मोठा! तेव्हा प्रत्येक ठिकाणची तऱ्हा वेगळी. मिचोआकान राज्यात पात्स्कुआरो नावाचं तळं आहे. त्याच्या मध्यावर हानित्सिओ बेट. १ नोव्हेंबरच्या रात्री तिथले पुरेपेचा लोक टोपल्या आणि मेणबत्त्या घेऊन बेटावरच्या दफनभूमीत जागरण करतात. काम्पेचे राज्यातल्या पोमुच गावचे माया लोक तर या दिवसांत आपल्या पूर्वजांची अस्थी ठेवलेली लाकडी पेटी उघडतात, एकेक हाड मऊ फडक्यानं किंवा ब्रशनं पुसतात आणि नव्या भरतकामाच्या कापडात ठेवतात. आपल्याला ऐकून कसंसंच होतं. त्यांना मात्र ते आजीच्या केसांना तेल लावण्याइतकं साधं वाटतं.

आणि याच दिवसांत मिचोआकानच्या डोंगरांत निसर्गही हजेरी लावतो. कॅनडा आणि अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडत आलेली केशरी मोनार्क फुलपाखरं नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथल्या जंगलात पोचतात. एक-दोन नव्हे, कोट्यवधी! झाडांच्या फांद्या त्यांच्या वजनानं वाकतात. रंग झेंडूचा, वेळ सणाची. तिथल्या लोकांनी ठरवून टाकलं की हेच आपले पूर्वज. तुम्ही-आम्ही तिथे असतो तर वेगळं काय ठरवलं असतं?

हे सगळं सुरू केव्हा झालं? स्पॅनिश लोक १५१९ साली मेक्सिकोत उतरले आणि १५२१ मध्ये त्यांनी आस्तेक लोकांची राजधानी जिंकली. आस्तेकांची अशी समजूत होती की मेलेल्या माणसाला 'मिक्त्लान' या पाताळात पोचायला चार वर्षं लागतात आणि वाटेतली नदी एक कुत्रा पार करून देतो. मृतांसाठी त्यांचे स्वतंत्र सण होते. स्पॅनिश लोकांनी आपले दोन ख्रिस्ती दिवस आणले, १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबरचा सर्व मृतांचा. दोन्हींची सरमिसळ झाली. त्यात आस्तेकांचं किती आणि स्पॅनिश लोकांचं किती, यावर विद्वान अजून भांडत असतात. आपण त्यात पडायला नको. एवढं मात्र खरं की २ नोव्हेंबर हा दिवस आपल्याकडेही आहे. गोव्यातली आणि वसईतली ख्रिस्ती कुटुंबं त्या दिवशी आपल्या माणसांच्या कबरी साफ करतात, फुलं वाहतात आणि मेणबत्त्या लावतात. तुमच्या वर्गात तिकडचं कुणी असेल तर त्याला विचारा.

सणाच्या दिवसांत जिकडेतिकडे हाडांचे सापळे दिसतात. पण ते हसरे! सापळा सायकल चालवतो, सापळा लग्न करतो, सापळा भजी तळतो. यामागे एका चित्रकाराचा मोठा हात आहे. त्याचं नाव होसे ग्वादालुपे पोसादा. जन्म १८५२ सालचा. तो मेक्सिको शहरात स्वस्तातल्या छापील पत्रकांसाठी चित्रं कोरायचा. त्यानं एक सापळाबाई काढली, डोक्यावर पिसांची भलीथोरली फ्रेंच टोपी घातलेली. स्वतःच्या लोकांना नाकं मुरडून युरोपियन मडमांची नक्कल करणाऱ्या बायकांची ती टिंगल होती. टोपी कितीही महाग असू दे, खाली शेवटी हाडंच! पुढे दिएगो रिवेरा या थोर चित्रकारानं १९४७ साली पुऱ्या केलेल्या एका भिंतीचित्रात तिला पायघोळ झगा चढवला आणि तिच्या एका बाजूला पोसादाला उभं केलं. दुसऱ्या बाजूला तिचा हात धरून एक मुलगा उभा आहे, तो म्हणजे लहानपणचा रिवेरा स्वतः. आज ती 'ला कात्रिना' म्हणून जगभर ओळखली जाते. सणाला हजारो बायका आणि मुली तिच्यासारखा चेहरा रंगवतात.

आणि पोसादा? तो १९१३ मध्ये गरिबीत वारला. त्याला फुकटच्या कबरीत पुरलं. काही वर्षांनी कुणीच विचारायला आलं नाही म्हणून त्याची हाडं इतर बेवारशी हाडांत टाकून दिली. ज्याच्या सापळ्यांवर सगळा देश नाचतो, त्याचं स्वतःचं थडगं कुठेही नाही. झेंडू वाहायचा तर कुठे?

सापळ्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गमती. एक म्हणजे 'कालावेरिता' नावाच्या कविता. कालावेरा म्हणजे कवटी. जिवंत माणसावर तो मेला आहे असं समजून चार-आठ ओळींची थट्टेची कविता करायची. मंत्र्यांवर, क्रिकेटपटूंसारख्या तिथल्या फुटबॉलपटूंवर, शाळेतल्या मास्तरांवरसुद्धा! वर्तमानपत्रं त्या छापतात, शाळांत त्यांच्या स्पर्धा होतात. आपल्या कॉलेजांत शेलापागोटे वाचतात तसाच प्रकार. मुख्याध्यापकांना यमदूत न्यायला आला आणि त्यांनी त्याच्याकडेच उशिरा येण्याची चिठ्ठी मागितली, असं काही लिहिलं की अख्खा वर्ग खूश. मुख्याध्यापकांनीही हसायचं असतं, तसा रिवाज आहे.

दुसरी म्हणजे साखरेच्या कवट्या. गुढीपाडव्याच्या गाठी साच्यात ओततात तशा या कवट्या साखरेच्या करतात. डोळ्यांत चमचमता कागद, गालांवर रंगीत साखरेची नक्षी आणि कपाळावर नाव. कुणाचं? कधी गेलेल्याचं, पण पुष्कळदा तुमचंच! मित्र मित्राला त्याचं नाव घातलेली कवटी भेट देतो आणि तो ती मजेत घेतो. तोलुका शहरात दरवर्षी या साखरेच्या वस्तूंची जत्राच भरते.

आता मेक्सिको शहराकडे वळू. तिथे या दिवसांत भव्य मिरवणूक निघते. प्रचंड सापळे, रथ, नर्तक आणि लाखो प्रेक्षक. तुम्ही म्हणाल, ही तर शेकडो वर्षांची परंपरा असणार. अजिबात नाही! २०१५ साली जेम्स बाँडचा 'स्पेक्टर' हा सिनेमा आला. त्याच्या सुरुवातीला मेक्सिको शहरातली अशी मिरवणूक दाखवली आहे. तेव्हा अशी मिरवणूक तिथे निघतच नव्हती. ती सिनेमावाल्यांनी मनानं रचली होती. पण सिनेमा पाहून लोक ती बघायला येणार, मग दाखवणार काय? म्हणून २९ ऑक्टोबर २०१६ रोजी खरीखुरी मिरवणूक काढण्यात आली. आधी सिनेमा, मग परंपरा!

यावर मेक्सिकोत दोन तट पडले. काही म्हणाले, हा बाजार आहे, सणाचा आणि याचा संबंध काय? काहींना मजा वाटली. बाहेरच्यांनी या सणावर हात टाकल्याचा राग तिथे आधीपासून होताच. २०१३ मध्ये डिस्ने कंपनीनं एका सिनेमासाठी 'दिआ दे लोस मुएर्तोस' हे सणाचं नावच आपल्या व्यापारी हक्कात नोंदवून घ्यायचा प्रयत्न केला होता. कल्पना करा, कुणी 'गणेशोत्सव' हे नाव स्वतःच्या मालकीचं करून घेतलं तर! एवढा गदारोळ झाला की कंपनीनं अर्ज मागे घेतला. नंतर २०१७ साली तो सिनेमा 'कोको' या नावानं आला आणि मेक्सिकोतल्याच लोकांनी तो डोक्यावर घेतला. म्हणजे बाहेरच्यांचं सगळंच वाईट असंही नाही.

मिरवणुकीला नावं ठेवणाऱ्यांची काळजी मला समजते. हानित्सिओ बेटावर त्या रात्री इतके पर्यटक उतरतात की थडग्याशी बसलेल्या बाईच्या तोंडासमोर कॅमेऱ्यांची रांग लागते. तिला आईशी दोन शब्द बोलायचे असतात, आणि समोर झगझगाट! जत्रा वाढली की घरची आरास विसरली जाईल, ही भीती म्हणून खोटी नव्हे. पण २०२० मध्ये आपोआपच एक परीक्षा झाली. करोनामुळे त्या वर्षी मेक्सिको शहरातल्या दफनभूमी ऐन सणात बंद ठेवल्या होत्या. रस्त्यावरची मोठी मिरवणूक नाही, थडग्यावरचं जागरण नाही. आणि त्याच वर्षी तर फोटो वाढलेले. मग लोकांनी काय केलं? टेबल मांडलं, पाण्याचा पेला ठेवला, दारापासून पाकळ्या पसरल्या. बाहेरचं सगळं थांबलं तरी सण झालाच.

एका गोष्टीबद्दल मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मेक्सिकोतल्या काही घरांत त्या दिवशी फोटो हातात असतो, पण तो आरशीवर ठेवत नाहीत. गुन्हेगारी टोळ्यांच्या हिंसाचारामुळे त्या देशात पुष्कळ माणसं नाहीशी झाली आहेत. सरकारी नोंदींतला बेपत्ता माणसांचा आकडा २०२२ साली एक लाखाच्या वर गेला. कुणी कामावर गेला तो आला नाही, कुणी कॉलेजला गेली ती आली नाही. त्यांच्या आयांपुढे १ नोव्हेंबरला मोठा पेच उभा राहतो. फोटो ओफ्रेंदावर ठेवला तर 'माझं मूल गेलं' असं म्हटल्यासारखं होतं. नाही ठेवला आणि ते खरंच गेलेलं असलं, तर ते बिचारं उपाशी राहील. कितीतरी आया फोटो ठेवत नाहीत. त्या तो गळ्यात अडकवून चौकात उभ्या राहतात आणि विचारतात, आमचं मूल कुठे आहे? त्याच चौकात कात्रिनासारखे रंगवलेले चेहरे नाचत असतात. त्यांतले काही जण थांबतात, फोटोखालचं नाव वाचतात.

२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाहुणे परत निघतात. काही गावांत तेव्हा चर्चच्या घंटा वाजवतात. मग ओफ्रेंदावरचं सगळं खाली उतरवायचं आणि शेजारीपाजारी, नातेवाइकांकडे वाटायचं. तिकडून त्यांच्याही टोपल्या येतात. म्हातारी माणसं सांगतात की या जेवणाला वास उरत नाही, चवही कमी लागते, कारण त्यातलं सत्त्व पाहुण्यांनी खाऊन टाकलेलं असतं. मुलं मात्र म्हणतात की तामालेस दोन दिवस उघड्यावर राहिल्यावर आणखी काय होणार! पाकळ्या केरसुणीनं लोटून काढायच्या, ऊस मोडून चघळायचा, आजीचा कानतुटका कप धुऊन कपाटात वरच्या फळीवर ठेवायचा. उरते ती तुमच्या नावाची साखरेची कवटी. ती कुठून खायला सुरुवात करायची यावर भावंडांत वाद होतो. बहुतेक जण हनुवटीपासून सुरू करतात, म्हणजे कपाळावरचं नाव शेवटपर्यंत शिल्लक राहतं.